कपावरचा हात

१

दुपारी दीड वाजला की साधना हातातलं काम बाजूला सारून तांदळाच्या डब्याला फोन टेकवायची. मधल्या खोलीतल्या त्या एका कोपऱ्यातच नेटवर्क यायचं. इकडे दीड, म्हणजे तिकडे पोलंडात सकाळचे नऊ. निकेश तेव्हा ऑफिसात पोचलेला असे. मोठ्या परदेशी कंपनीची ती तिकडची शाखा. चौथ्या मजल्यावर मीटिंगसाठी काचेची एक लहानशी खोली होती, ती साडेनऊपर्यंत रिकामी राही. तिथं कॉफीचा कप घेऊन बसायचं आणि आईशी बोलायचं, हा त्याचा तीन वर्षांचा नेम.

बोलण्यात तसं काही नसे.

"काय खाल्लं रे?"

"ब्रेड."

"ब्रेड काय जेवण हाय का, बाप्पा? आजारी माणसाचं खाणं ते."

"मग पाठव ना तुझी भाकर. कॉम्प्युटरातून पाठवता येते का, पायतो."

दोनच्या ठोक्याला खाणीचा भोंगा व्हायचा. गडचांदूरच्या पुढं, पिपरटोल्याला अगदी खेटून चुनखडीची खाण होती. भोंगे तीन. तिसऱ्यानंतर सुरुंग. पहिला भोंगा ऐकला की गावातली प्रत्येक बाई असेल तिथून उठे आणि झाकायला लागे. दूध, वरण, पिठाची परात, पाण्याचा गुंड. सुरुंग झाला की जमीन हाले आणि आढ्यातून पांढरी माती भुरभुर खाली येई. हातात चहा असला तर कपावर तळहात ठेवायचा. पिपरटोल्याचं लेकरू बोलायच्या आधी हे शिकत असे.

निकेशची सवय तिकडेही सुटली नव्हती. फोनमधून भोंगा ऐकू आला की तो हसत हसत कॉफीवर हात ठेवायचा.

"झाकलं वो आई, मायंही झाकलं."

मग इकडे धडाम होई, दोघं हसत, आणि तो फोन ठेवे. असं रोज.

पौषातल्या एका मंगळवारी भोंगे झाले, त्यानं कपावर हात ठेवला, सुरुंग झाला. आढ्यातून माती गळली. साधनानं पदरानं फोनची काच पुसली. निकेशच्या हातावर पांढरं काहीतरी पडलेलं दिसत होतं. काच नीट पुसली गेली नाही म्हणून तिनं पुन्हा पुसली.

ते काचेवर नव्हतं. त्याच्या हाताच्या पाठीवर होतं. हात हलला तसं तेही हललं. निकेश बोलता बोलता हाताकडे न पाहताच त्यावर एक फुंकर मारून मोकळा झाला, जशी तो लहानपणापासून मारत आला होता.

"ठेवतो आई. मीटिंग हाय."

फोन बंद झाला. साधना डब्यापुढं तशीच बसून राहिली. तिकडेही छत असतं, छताला रंग असतो, रंगाचे पापुद्रे पडतात, असं तिनं मनाला सांगितलं. मनानं ऐकलं. त्या दिवशी तरी ऐकलं.

२

पिपरटोला उठणार हे दोन वर्षांपासून ठरलेलं होतं. खाण वाढत वाढत गावाच्या पांदणीपर्यंत, बैलगाडीच्या वाटेपर्यंत आली होती. तीन किलोमीटरवर सगळ्यांना सिमेंटची घरं बांधून झाली होती. संक्रांतीनंतर एकेक घर मोकळं व्हायला लागलं. साधनाचा नवरा देवाजी रोज सकाळी कापूस वेचायला जायच्या आधी घराभोवती एक फेरी मारी आणि काय काय न्यायचं ते बोटांवर मोजी.

सुरुंग जवळ आल्यानं घराच्या भिंती तडकायला लागल्या होत्या. मधल्या खोलीत देवाच्या कोनाड्यापासून एक भेग निघाली होती. आधी सरळ खाली, मग डावीकडे वळलेली, आणि शेवटी दोन फाटे. सरड्याच्या जिभेसारखे.

शुक्रवारी फोन लागला तेव्हा निकेशच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर साधनाला तीच भेग दिसली.

ती वळली आणि तिनं आपल्या भिंतीकडे पाहिलं. मग फोनकडे. सरळ खाली, डावीकडे, दोन फाटे.

"निकेश, तुया मांगं भिंतीले काय झालं?"

तो वळला. बराच वेळ पाहत राहिला. "कुठी? ही तर काच हाय आई. चारी बाजूनं काचच हाय."

"पांढरी भिंत हाय ना मांगं!"

"तो पडदा असन. काचेवर पांढरा कागद चिकटवते ना, तसा." तो हसला. "तुले चष्मा लागला. बाबाले सांग, चंद्रपूरले नेऊन दाखवा म्हणा."

संध्याकाळी तिनं देवाजीला सांगितलं. तो पाय धूत होता.

"आपलीच भिंत दिसली असन तुले. तुया मांगची. तो लहान चौकोन नसते का खालतं, आपलं तोंड दिसते तो? त्यात."

तसंही असेल. साधना दहावी शिकलेली होती, अंगात येणं, उतारा टाकणं यावर तिचा कधी विश्वास बसला नव्हता. पण त्या लहान चौकोनात तिच्यामागं डबे दिसत होते, कोनाडा नव्हता. हे तिला पक्कं आठवत होतं.

३

पुढच्या सोमवारी छपरावरचे कवेलू उतरवले. पिपरटोल्यात कोणीच कवेलू सोडून जात नव्हतं. नव्या घरांना स्लॅब होता, तरी ढोराच्या कोठ्याला, न्हाणीला लागतील म्हणून माणसं ट्रॅक्टर भरभरून नेत. मग कवेलूंखालचे फाटे काढले, मग मयाली, म्हणजे आढ्याच्या तुळया. दुपारी दीडला मधली खोली उघडी पडली होती आणि वरून ऊन सरळ आत येत होतं. साधनानं फोन डब्याला टेकवला आणि डोक्यावर पदर घेतला.

निकेश फोनमध्ये डोळे बारीक करून बसला होता. कपाळावर घाम.

"बरं नाई का रे?"

"नाई वो. आज इथी ऊन फार हाय."

"तुमच्याकडं तर बरफ पडून राह्यला म्हणे."

"बरफच हाय. दिसते ना काचेतून." त्यानं वर पाहिलं, लगेच डोळे मिटले आणि कपाळावर हाताची सावली धरली. "पण ऊन हाय. वरून."

त्याच्या नाकाची सावली ओठावर पडली होती. साधनानं शेजारच्या केसरबाईकडे पाहिलं. कवेलू मोजायला आली होती ती. केसरबाईच्याही नाकाची सावली ओठावर तशीच पडली होती.

"काय पायतं माया तोंडाकडं? मिशा आल्या का मले?" केसरबाई म्हणाली.

त्या दिवशी दोन वाजता सुरुंग झाला तेव्हा आढं नव्हतं, म्हणून माती गळली नाही. निकेशच्या हातावरही काही पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नव्या घरून ती एकटीच जुन्या घरी गेली. राहिलेलं सरपण न्यायचं, असं देवाजीला सांगून. गाव रिकामं होतं. भिंती होत्या, छपरं नव्हती. मधल्या खोलीत ती उभी राहिली तेव्हा चार वाजले असतील. आधी तिला वाटलं, सागाच्या वाळल्या पानांवर चिमण्या टिपताहेत. टप टप टप, थांबून पुन्हा टप टप. पण पानं नव्हती, चिमण्या नव्हत्या. आवाज कोनाड्याच्या भिंतीतून येत होता. भेगेला कान लावला तेव्हा तो स्पष्ट झाला. निकेश सुट्टीत घरी आला की बाजेवर बसून दिवसभर हाच आवाज करत असे, बोटांनी, कॉम्प्युटरवर.

"निकेश?" ती हळूच म्हणाली.

आवाज थांबला.

साधनानं कान तसाच भेगेला लावून ठेवला. बऱ्याच वेळानं आवाज पुन्हा सुरू झाला, आधीसारखाच, कामात असलेल्या माणसासारखा.

४

चौकट काढायचा हट्ट साधनाचाच.

ती चौकट देवाजीच्या बापानं केलेली, सागाची, उंबऱ्यासकट. तिच्यावर लग्नातले हळदीचे हात होते, दिवाळीच्या तेलाचे डाग होते. पिपरटोल्यातल्या सगळ्यांनीच आपापल्या चौकटी नेल्या. आता असा साग कुठून मिळणार? आणि मागं सोडलेल्या घराच्या दारातून कोणी का यावं-जावं? देवाजी आळस करत होता. साधनाच म्हणाली, "सगळं सोडा, चौकट नका सोडू. घर म्हणजे दारच तर हाय." बुधवारी सायंकाळी चार माणसांनी कुदळीनं चौकट मोकळी केली आणि नव्या घरापुढं लिंबाला टेकवून ठेवली. भिंतीत नुसतं एक भगदाड राहिलं.

गुरुवारी गावाच्या जागेवरच सुरुंग होता. तशी दवंडी झाली होती.

नव्या घरी नेटवर्क सगळीकडे येत होतं. साधनानं दीडला अंगणात बसूनच फोन लावला. लगेच उचलला गेला. निकेशच्या अंगात कालचाच निळा शर्ट होता. केस विस्कटलेले.

"घरी नाई गेला का रात्री?"

"नाई गेलो."

"काऊन? इतकं काम?"

तो हसला. पण ते हसणं ओठांपर्यंतच राहिलं. "तू मले पागल म्हणशील. काल दुपारी मीटिंगले आलो, तवापासून दार सापडून नाई राह्यलं."

"कोणतं दार?"

"या खोलीचं. इथीच होतं. मी चारी बाजूनं हात फिरवून पाह्यलं आई. काच हाय, काच हाय, काच हाय." त्यानं कप उचलला, रिकामा पाहून ठेवला. "माणसं जातेत बाहेरून. मी काच वाजवली. आताच रीना गेली, माया टीममधली, नागपूरची. मी हात दाखवला, तिनंही दाखवला. तिले वाटलं मी मीटिंगमंधी हाव. सगळ्याइले तसंच वाटते. मले मेसेज येते, मी उत्तर देतो, काम करून राह्यलो. साहेबाले फोन करून सांगितलं, दार नाई म्हणून. हसले. म्हणे, सुट्टी घे."

निकेशच्या मागं पांढरी भिंत होती. त्या भिंतीवर भेग होती, सरळ खाली, डावीकडे. आणि भेगेच्या पलीकडे, जिथं काल चौकट होती, तिथं भगदाड होतं. त्याच्या कडांना कुदळीचे घाव होते.

लिंबाला टेकवलेल्या चौकटीकडे तिनं मान वळवली. फोनच्या कोपऱ्यात वेळ होती. एक चाळीस.

५

"चौकट परत न्या," ती देवाजीपुढं उभी राहून म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. त्या भिंतीत परत लावा."

"डोकं फिरलं का तुयं? वीस मिनिटात तिथी भिंत राहणार नाई, चौकट लावते!"

"मले नका विचारू. याले विचारा." तिनं फोन त्याच्या हातात कोंबला.

देवाजी वैतागूनच बोलला. "काय रे, काय सांगितलं आईले?"

निकेशनं बापाकडे पाहिलं. लहानपणी रडायच्या आधी बघायचा तसं.

"बाबा, दार कोणी नेलं?"

देवाजीनं फोन तिच्या हातात परत दिला. धोतराचा काचा मारला आणि समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारत पळत सुटला. एवढं चटकन त्यानं ऐकलं, याचीच साधनाला जास्त भीती वाटली. त्यानं काय पाहिलं, ते त्यानं तिला पुढंही कधी सांगितलं नाही.

चौघांनी चौकट ट्रॉलीत टाकली. तीन किलोमीटरचा रस्ता गिट्टीच्या ट्रकांनी खाल्लेला. साधना ट्रॉलीत चौकटीला धरून बसली होती, दुसऱ्या हातात फोन. निकेश बोलत होता आणि आवाज तुटत होता.

"...आई, तुमी कुठी जाऊन राह्यले? ट्रॅक्टरचा आवाज येते."

"येतो रे बाप्पा. दार घेऊन येतो. तू उठून उभा राय."

लाल झेंडी गावापासून अर्ध्या किलोमीटरवर होती. तिथं पिपरटोल्याचाच नथ्थू शिटी घेऊन उभा होता, कंपनीच्या ठेक्यावर. त्यानं दोन्ही हात पसरले.

"देवाजीभाऊ, आता नाई. सुरुंगात दारू भरून झाली."

"नथ्थू, पाया पडतो तुया. दहा मिनिटं."

"माया हाती असतं तर घंटाभर थांबवलं असतं भाऊ. काय राह्यलं घरात?"

तेवढ्यात पहिला भोंगा झाला.

फोनमध्येही झाला. आणि निकेशनं, उभा होता तो, सवयीनं खाली बसून रिकाम्या कपावर हात ठेवला.

"हात नको ठेवू!" साधना ओरडली. "उठ! मांगं पाय! मांगं भगदाड हाय, त्यातून निंघ!"

"मांगं काच हाय, आई."

"नाई रे, वाट हाय! मले दिसून राह्यली!"

तिला खरंच दिसत होती. निकेशच्या खांद्यामागं भिंत, भिंतीत भगदाड, भगदाडातून पिपरटोल्याचं ओसाड अंगण आणि त्यापलीकडे, खूप लांब, लाल झेंडी. झेंडीपाशी ट्रॅक्टर होता. ट्रॉलीत उभी धरलेली एक चौकट होती, आणि चौकटीजवळ हिरव्या लुगड्यातली एक बाई फोन तोंडासमोर धरून उभी होती.

साधनानं हात वर केला. फोनमधल्या त्या बाईनंही केला.

दुसरा भोंगा.

"पाय रे, मी तुया मांगंच उभी हाव," ती म्हणाली.

निकेश वळला. सरळ तिच्याकडे पाहिलं त्यानं, भगदाडातून, अर्ध्या किलोमीटरवरून. साधनाला त्याची मान दिसली, मानेवरचा तीळ दिसला. मग तो पुन्हा फोनकडे वळला आणि तिला धीर देतात तसा हसला.

"काच हाय, आई. तू नको घाबरू. साडेनऊले कोणीतरी येईनच या खोलीत."

तिसरा भोंगा.

जमीन पायाखालून उचलल्यासारखी झाली. समोर पांढरा डोंगर वर चढला आणि हळूहळू पसरला. ट्रॉलीतली चौकट साधनाच्या हातात थरथरत राहिली, कोणी पलीकडून धक्का देत असल्यासारखी. मग तीही थांबली.

फोन मात्र चालूच होता. त्यात नुसतं पांढरं होतं. तेरा मिनिटं तो तसाच चालू राहिला आणि मग आपोआप बंद झाला.

६

संध्याकाळी निकेशचा मेसेज आला. 'मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलतो.'

देवाजीनं तो तीनदा वाचून घेतला, आणि ढसाढसा रडला, आणि पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी साधनानं निकेशनं कधीतरी देऊन ठेवलेल्या नंबरवर रीनाला फोन लावला. पोरगी मोठी गोड बोलली.

"काकू, काळजी नका करू. मी आत्ताच पाहिलं त्याला. त्याच खोलीत आहे, काचेतून हात दाखवला त्यानं. या महिन्यात फार काम आहे हो. पण सगळं वेळेवर पूर्ण करतो. साहेब खूश आहेत त्याच्यावर."

"त्याले बाहेर बोलाव न पोरी. दार उघड आन् बोलाव."

"हो, बोलावते ना," रीना म्हणाली. मग तिकडे बराच वेळ नुसती पावलं वाजत होती. काही पावलं, थांबणं, पुन्हा काही पावलं. एखाद्या खोलीभोवती माणूस फेरी मारतो तशी.

"काकू," रीना शेवटी हळू आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला नंतर फोन करते."

तिचा फोन पुन्हा आला नाही.

निकेशच्या नावापुढचा हिरवा ठिपका दिवसरात्र पेटलेला असतो. देवाजी म्हणतो, पोरगा कामात आहे, फाल्गुनात येईल. असं तो अंगणाकडे पाठ करून म्हणतो. साधना फोन लावते, तो वाजत राहतो, आणि मेसेज येतो. मीटिंगमध्ये आहे.

चौकट तिनं नव्या घराला लावू दिली नाही. अंगणात खड्डा करून उंबऱ्यासकट ती उभी रोवली आहे. मागं भिंत नाही, पुढं भिंत नाही. पोरं तिच्यातून पळत जातात. केसरबाई म्हणते, "बाई, बिनघराचं दार असं उभं ठेवू नाई." साधना म्हणते, "उघडं असलं म्हणजे झालं."

रोज दोनला लांबून भोंगा ऐकू येतो. इथं जमीन हालत नाही, स्लॅबमधून काही गळत नाही, बायांनी झाकायचं सोडून दिलं आहे. साधना तेवढी त्या चौकटीच्या उंबऱ्यावर चहाचा एक कप नेऊन ठेवते आणि वर ताटली झाकते. सुरुंग झाला की ताटली उचलते.

ताटलीवर कधी काही नसतं. ताटलीच्या आतल्या बाजूला मात्र पांढरी धूळ असते, आणि त्या धुळीत एक तळहात उमटलेला असतो, पाचही बोटं पसरलेला, खालून वर टेकवलेला.

पहिल्या दिवशी तिनं ती ताटली धुवायला नेली होती. आता नेत नाही. ती तशीच कपावर परत झाकते, आणि चहा गार होईपर्यंत वरून आपला हात ठेवून बसते.